भाऊसाहेबांची ढाल आणि ल्युक्ट्राची हार

मित्रांनो, मी एक जुनी ढाल आहे. आणि ‘जुनी’ म्हटल्याबरोबर तुम्ही जो कळवळ्याचा चेहरा केलात, तो आधी नीट करा. मला कुणाची कीव नको. कॅनडात, टोरोंटोजवळच्या मार्कहॅममधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये, विंटर टायर आणि रस्त्यावर टाकायच्या मिठाचं पोतं यांच्यामध्ये मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. बर्फ पडला की दार उघडतं, वारा आत येतो, फावडं बाहेर जातं आणि दार पुन्हा बंद होतं. माझ्याकडे कुणी बघत नाही. बरंच आहे. माझ्याकडे बघून माणसांनी जेवढा मूर्खपणा केला तेवढा पुरे झाला.

मी ग्रीसमधून आलेली नाही, हेही सांगून टाकते. माझा जन्म याच गॅरेजमधला, एकोणीसशे नव्वदच्या उन्हाळ्यातला. मला घडवलं भाऊसाहेबांनी. हे गृहस्थ सत्तर साली पोलाद कारखान्यात इंजिनिअर म्हणून कॅनडात आले, कामात हुशार होते, शब्दाचे पक्के होते, आणि त्यांच्या डोक्यात एक किडा होता. त्या किड्याचं नाव स्पार्टा. प्राचीन ग्रीसमधलं हे लढवय्यांचं शहर. तिथे मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला आईपासून काढून छावणीत टाकत, अर्धपोटी ठेवत, फटके देत. एवढं वाचून कुणाचाही घास अडकेल. भाऊसाहेबांना मात्र वाटलं, वा, मुलं वाढवावीत तर अशी!

मराठी मंडळाच्या समर कॅम्पमध्ये मुलांना दाखवायला खरीखुरी ढाल हवी म्हणून त्यांनी मला केलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून खोलगट परातीसारखा साचा केला आणि वर पितळेचा पत्रा ठोकून बसवला. आत मधोमध हात घालायला रुंद कडं आणि काठाशी मुठीत धरायला दोरी. तीन फूट रुंद, सात किलो वजन. डाव्या हातात धरलं की माझा उजवा अर्धा भाग धरणाऱ्याला झाकतो आणि डावा अर्धा त्याच्या शेजारच्याला. ग्रीक सैनिक असे खांद्याला खांदा लावून उभे राहत. भाऊसाहेबांनी माझा आकार अगदी बिनचूक उतरवला, पण शेजारच्याला झाकण्याचं कलम त्यांनी कधी कुणाला शिकवल्याचं मला आठवत नाही.

पत्रा धरायला त्यांचा मुलगा होता, यशोधन, तेव्हा अकरा वर्षांचा. हातोडी निसटली आणि त्याच्या अंगठ्यावर बसली. पोरगं कळवळलं. भाऊसाहेब म्हणाले, “स्पार्टात मुलं रडत नव्हती. पत्रा धर.” त्याने धरला. माझ्या अंगावर पहिला थेंब पडला तो त्याच्या डोळ्यातला, आणि तेव्हाच मला या माणसाचा राग आला. पुढची पस्तीस वर्षं तो वाढतच गेला.

तरी खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं मीही फुगले होते. दर उन्हाळ्यात मला गाडीत घालून कॅम्पला नेत. भाऊसाहेब मुलांना ओळीत उभं करत आणि उजव्या टोकाला यशोधनला, कारण स्पार्टाच्या फौजेत उजवं टोक मानाचं. टळटळीत उन्हात मला धरून तो अर्धा अर्धा तास उभा राही. बाकीची पोरं टाळ्या वाजवत, आया फोटो काढत. “हरायचं नाही,” भाऊसाहेब गरजत, “स्पार्टाची आई मुलाला सांगायची, ढाल घेऊन परत ये, नाहीतर ढालीवरून ये!” ढालीवरून, म्हणजे मेलेला. हेच वाक्य यशोधनला हॉकीच्या मॅचआधी ऐकावं लागे, गणिताच्या परीक्षेआधी ऐकावं लागे, स्पेलिंग बीला जातानाही. हॉकीत हरून आला की त्या संध्याकाळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा नियम होता. त्याची आई वनिताबाई त्याचं ताट झाकून ठेवत आणि गप्प बसत. त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा.

पुढे कॅम्प बंद पडला आणि मला दिवाणखान्यात फायरप्लेसच्या वर टांगलं. वनिताबाई दर दिवाळीला मला खाली उतरवून चिंचेने घासत आणि भाऊसाहेब पाहुण्यांना सांगत, “मी हाताने बनवलीय.” घासणारीचं नाव कधी निघालं नाही.

यशोधन मोठा झाला, इंजिनिअर झाला, टोरोंटोच्या एका कंपनीत डायरेक्टर झाला. भाऊसाहेब त्याचं व्हिजिटिंग कार्ड खिशात घेऊन फिरत. मग गेल्या वर्षीच्या शरद ऋतूत त्याचे हात थरथरू लागले. कॉफीचा कप धरता येईना, मीटिंगमध्ये उभं राहिलं की शब्द फुटेना, सकाळी अंथरुणातून उठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, मनावरचा ताण आहे, हा आजार आहे, सगळं थांबवा. त्याने नोकरी सोडली. बायको काही वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. नोव्हेंबरात तो बारा वर्षांच्या ईराला, म्हणजे मुलीला, आणि दोन सुटकेसी घेऊन दारात उभा राहिला.

भाऊसाहेबांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, “बेसमेंट रिकामंच आहे.”

बस्, एवढंच. नंतर स्वयंपाकघरात वनिताबाईंना म्हणाले, “पळपुटा निघाला.” आणि एक नवा नियम झाला : कुणी आलं की यशोधनने वर यायचं नाही. मंडळात सांगून टाकलं की तो व्हँकुव्हरला मोठ्या प्रोजेक्टवर गेलाय, आणि पोरीची शाळा बुडू नये म्हणून ती आमच्याकडे आहे. सेहेचाळीस वर्षांचा माणूस बेल वाजली की जिन्यावरून परत खाली जायचा. मी भिंतीवरून पाहत होते. मला हात असते तर मी त्या दिवशी खिळ्यावरून उडी मारली असती, आणि कुणाच्या डोक्यात मारली असती ते तुम्ही ओळखा.

फेब्रुवारीत भाऊसाहेबांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. माणसाने एक हजार पौर्णिमा पाहिल्या की घरातले हा सोहळा करतात, एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळतात. चाळीस माणसं येणार होती, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एटोबिकोहून, गुरुजी येणार होते. आदल्या आठवड्यात वनिताबाई एकदाच बोलल्या.

“अहो, त्या दिवशी तरी त्याला वर येऊ द्या. वडिलांच्या पाया पडू दे.”

“चाळीस लोकांसमोर थरथरत उभा राहू दे? शोभा करून घ्यायचीय का तुला?”

“तो आजारी आहे.”

“तो हरलाय,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि हरलेल्याला मी मिरवत नाही.”

त्याच दिवशी त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. ईराला बोलावून म्हणाले, “कार्यक्रमात तू भाषण करायचं. विषय, आजोबांची स्पार्टा. मराठीत. पाच मिनिटं.” मंडळाची वक्तृत्व स्पर्धा तीस वर्षं त्यांनीच चालवली होती, आणि तिचा एक कडक नियम त्यांनीच केलेला होता. बोलणाऱ्याला पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत कुणीही तोडायचं नाही. मध्ये बोलले म्हणून त्यांनी एकदा एका मुलीच्या वडिलांना हॉलबाहेर काढलं होतं. हा नियम त्यांना जिवापेक्षा प्यारा.

ईराने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि रोज संध्याकाळी ती आजीबरोबर स्वयंपाकघरात बसू लागली. ती इंग्रजीत सांगायची, वनिताबाई तिला मराठी शब्द द्यायच्या. भिंतीवरून मला सगळं ऐकू यायचं. तिथेच मी पहिल्यांदा ल्युक्ट्राचं नाव ऐकलं. आणि मित्रांनो, मी संतापले! पस्तीस वर्षं मी स्पार्टाची म्हणून मिरवले, आणि स्पार्टा हरली होती, पार धुळीला मिळाली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊसाहेबांच्या गोष्टीत स्पार्टा हरायची तीसुद्धा ऐटीत. ही हार त्यांनी सोयीस्करपणे गिळून टाकली होती.

सोहळ्याचा दिवस उजाडला. बाहेर ढोपरभर बर्फ, आत जिलेबीचा वास, दाराशी बुटांचा ढीग. भाऊसाहेब रेशमी सदऱ्यात माझ्याच खाली खुर्चीवर बसले होते. शेजारी वेळ मोजायला त्यांचे जुने मित्र डॉक्टर दीनानाथ, निवृत्त सर्जन, हातात घड्याळ, समोर घंटा. डॉक्टरांनी विचारलं, “व्हँकुव्हरहून यशोधनची फ्लाइट नाही मिळाली का?” भाऊसाहेब म्हणाले, “क्रिटिकल फेज आहे प्रोजेक्टची.” त्यांच्या पायाखाली, एका फळीच्या अंतरावर, यशोधन बसला होता.

ईरा उभी राहिली. हातातला कागद तिने एकदाही पाहिला नाही.

“नमस्कार. आजोबांना स्पार्टा खूप आवडते. म्हणून मी स्पार्टाच्या सगळ्यात मोठ्या लढाईबद्दल बोलणार. ती आहे ल्युक्ट्राची लढाई, तीनशे एकाहत्तर बीसी. त्यात स्पार्टा हरली. खूप badly हरली.”

भाऊसाहेबांची मान वर झाली. लोक हसले, पोर गोड बोलते म्हणून.

“स्पार्टाचे बेस्ट सोल्जर नेहमी उजवीकडे उभे राहायचे. राजा पण. कारण ती मानाची जागा. शेकडो वर्षं, same thing. थीब्ज नावाच्या शहरात एक सेनापती होता, एपामिनोंडास. त्याने विचार केला, हे लोक मान सोडणार नाहीत, म्हणजे राजा कुठे असेल ते मला आजच माहीत आहे. मग त्याने आपली चांगली माणसं त्याच्या समोर ठेवली. स्पार्टाची रांग बारा माणसं खोल होती. याची पन्नास. धडक झाली आणि राजा क्लिओम्ब्रोटस पडला. सातशे खरे स्पार्टन होते, त्यातले चारशे मेले. एका दुपारी.”

भाऊसाहेबांनी घंटेकडे हात नेला. डॉक्टर दीनानाथांनी घंटा अलगद आपल्याकडे ओढली. “भाऊसाहेब, दोनच मिनिटं झालीयत. तुमचाच नियम आहे.”

मला इतका आनंद झाला की मी खिळ्यावर हलले असेन.

“आता after काय झालं ते,” ईरा म्हणाली. “बातमी स्पार्टात आली तेव्हा तिथे मोठा सण होता. गाणी चालू होती. अधिकारी म्हणाले, सण थांबवायचा नाही. त्यांनी मेलेल्यांची नावं घरोघरी सांगितली आणि बायकांना सांगितलं, रडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांची मुलं मेली ते आईबाबा छान कपडे घालून रस्त्यात हसत फिरत होते. आणि ज्यांची मुलं जिवंत परत आली, ते घरात लपून बसले. They were ashamed. त्यांना लाज वाटली, की आपला मुलगा जिवंत आहे.”

आता कुणी हसत नव्हतं. वनिताबाई दिव्यांच्या ताटांपाशी उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ ईराच्या शब्दांबरोबर हलत होते.

“स्पार्टात परत आलेल्या लोकांना एक नाव होतं. थरथरणारे. त्यांना कायद्याने शिक्षा होती. त्यांनी फाटके कपडे घालायचे, कुणीही त्यांना मारलं तरी चालेल, त्यांच्याशी कुणी लग्न करायचं नाही. पण ल्युक्ट्रानंतर ते इतके जास्त होते, की त्यांना शिक्षा केली तर शहरात माणसंच उरणार नव्हती. म्हणून दुसरा राजा, अगेसिलॉस, म्हणाला, आजच्या दिवस कायदे झोपू देत.”

“बस कर,” भाऊसाहेब म्हणाले.

“चार मिनिटं,” डॉक्टर म्हणाले.

“पण फक्त एक दिवस,” ईरा म्हणाली. ती सरळ आजोबांकडे बघत होती. “म्हणून उशीर झाला. नंतर एपामिनोंडास स्पार्टाच्या शेतांपर्यंत आला. तिथल्या बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा शत्रूचा धूर पाहिला. स्पार्टाची शेती दुसरेच लोक करायचे, हेलट, गुलाम. मेसेनियातले हेलट सुटले, त्यांनी स्वतःचं शहर बांधलं. ते खूप खूश झाले. स्पार्टा परत कधी मोठी झाली नाही. का, तर आजी म्हणते, ज्या घरात हरलेल्याला जागा नाही ते घर हळूहळू रिकामं होतं. Thank you.”

डॉक्टरांनी घंटा वाजवली. चाळीस माणसं, आणि टाळी एक नाही.

भाऊसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. “छान,” ते म्हणाले. “पोरीने पाठांतर चांगलं केलंय. आता तिचे बाबा नाहीत ना इथे, त्यामुळे—”

“Baba is in the basement,” ईरा म्हणाली. “नोव्हेंबरपासून.”

मित्रांनो, चाळीस माणसं एकदम खाली बघतात तेव्हा कसं दिसतं ते मी पाहिलं आहे. सगळे कार्पेटकडे बघत होते, जणू ते काचेचं आहे.

वनिताबाईंनी निरांजनाचं एक तबक उचललं आणि त्या जिन्याकडे निघाल्या.

“वनिता, औक्षण इथे आहे.”

“तुम्हाला एक्याऐंशी दिवे लावलेत,” त्या म्हणाल्या. “त्यातला एक नेतेय. माझा मुलगा जिवंत परत आलाय, आणि मी त्याला अजून ओवाळलं नाही.”

“लोक बसलेत! थांब!”

“पस्तीस वर्षं थांबले. माझं चुकलं.” असं म्हणून त्या पायऱ्या उतरल्या. ईरा त्यांच्या मागोमाग धावली.

मग डॉक्टर दीनानाथ उठले. खिशातून हात बाहेर काढून त्यांनी तो भाऊसाहेबांसमोर धरला. हात कापत होता. “मी लवकर रिटायर झालो म्हणून तुम्ही माझं कौतुक केलं होतंत, आठवतंय? मी रिटायर नव्हतो झालो. मला थांबवलं होतं, यामुळे. तुमच्या घरी हे कधी बोलायची हिंमत झाली नाही.” ते खाली गेले. मग एकेक माणूस उठून त्यांच्यामागे जिना उतरला. कुणी जोरात बोललं नाही, भांडलं नाही. पाच मिनिटांत दिवाणखाना रिकामा झाला. उरले भाऊसाहेब, गुरुजी आणि मी.

“गुरुजी, पुढचा विधी सुरू करा.”

“यजमानीणबाईंशिवाय कसा करू?” गुरुजी म्हणाले, आणि पोथी बंद करून तेही उठले.

खालून आवाज येत होते. कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं, बहुधा तोच. भाऊसाहेब खुर्चीत बसून ऐकत होते. मी खूश व्हायला हवं होतं, आणि झालेही, लपवत नाही. मग ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले.

“यशोधन. वर ये.”

त्यांनी कठडा धरला.

“जेवायला वर ये. सगळ्यांबरोबर बस.” आणि मग म्हणाले, “प्लीज.” हा शब्द मी त्या घरात त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

खालून यशोधनचा आवाज आला, शांत, थकलेला. “नको बाबा. मी इथेच बरा आहे. तुम्ही जेवून घ्या.”

मार्चमध्ये तो ईराला घेऊन एटोबिकोला राहायला गेला, आणि वनिताबाईही त्यांच्याबरोबर गेल्या. भाऊसाहेबांनी मला भिंतीवरून उतरवून इथे आणून ठेवलं. पश्चात्ताप झाला म्हणून नाही हो, इतके भाबडे होऊ नका. माझ्याखाली बसवत नव्हतं, म्हणून. दर रविवारी ते फोन करतात. मधल्या दारातून मला ऐकू येतं. ईरा बोलते, वनिताबाई बोलतात, औषधं घेतलीत का विचारतात. यशोधन आता बरा आहे, एका शाळेत मुलांना गणित शिकवतो, कप धरता येतो. भाऊसाहेब प्रत्येक वेळी शेवटी म्हणतात, “त्याला सांगा, जेवायला या म्हणावं.”

तर मित्रांनो, मला तेल लावू नका, चिंचेने घासू नका, संग्रहालयात तर मुळीच नेऊ नका. पत्रा काळवंडला तर काळवंडू द्या. जपायचं असेल तर माणूस जपा. तुमच्या घरी कुणी हरून आलं, तर त्याच दिवशी, पाहुणे बसलेले असताना, सगळ्यांच्या देखत त्याला वर बोलवा आणि आपल्या शेजारी बसवा. उद्या बोलावू म्हणाल तर बोलावणं तुमच्या हातात असेल, पण येणं त्याच्या हातात असतं. आमचा अजून आलेला नाही.